मध्यम स्तरावरच्या खेळाडूने पिकलबॉल पॅडल कसं निवडावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संध्याकाळचा खेळ आटोपून घरी पोचेपर्यंत फोनवर पॅडलबद्दलचे, म्हणजे पिकलबॉलच्या बॅटबद्दलचे, दोन-तीन प्रश्न आलेले असतात. बहुतेक प्रश्न अशा खेळाडूंचे असतात ज्यांना खेळ लागला आहे, पहिलं पॅडल आता अपुरं वाटतं आणि दुकानात गेलं की डोकं गरगरतं. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकत्र लिहून काढली आहेत. सगळं वाचायला वेळ नसेल तर निदान प्रश्न 2 आणि प्रश्न 14 वाचाच.

1. मी मध्यम स्तरावरचा खेळाडू आहे की अजून नवखाच, हे कसं कळणार?

ड्यूपर, म्हणजे खेळाडूचा स्तर आकड्यात सांगणारं, रेटिंग असेल तर साधारण 3.0 ते 4.0 हा पट्टा धरा. रेटिंग नसेल तर स्वतःच्या खेळाकडे पाहा. सर्व्ह आणि रिटर्न बहुतेक वेळा आत पडतात का? रिटर्न मारल्यावर पाय आपोआप किचनच्या, म्हणजे जाळ्यालगतच्या सात फुटांच्या पट्ट्याच्या, रेषेकडे वळतात का? तिसरा फटका ड्रॉप मारायचा, म्हणजे चेंडू हळुवार समोरच्या किचनमध्ये टाकायचा, हे माहीत आहे, पण दहापैकी चार-पाचच नीट पडतात, असं होतं का? तिन्हींना हो म्हणत असाल तर हे पान तुमच्यासाठी आहे. सर्व्हच अजून जाळ्यात जात असेल तर दोन महिने आहे त्याच पॅडलने खेळा. निवड करायला लागणारी माहिती तुमच्या हाताकडे अजून जमलेली नाही.

2. सध्याचं पॅडल खरंच बदलायला हवं का?

एक वही घ्या आणि पुढच्या पाच गेममध्ये प्रत्येक गमावलेल्या गुणापुढे एकच शब्द लिहा: ‘वर उडाला’, ‘जाळ्यात’, ‘बाहेर’, ‘पोचलो नाही’. पाच गेमनंतर जो शब्द सर्वांत जास्त वेळा आला असेल, त्यावरून पॅडल निवडायचं.

मध्यम स्तरावर बहुतेकांच्या वहीत ‘वर उडाला’ हाच शब्द जास्त येतो. समोरून जोरात चेंडू आला, आपण पॅडल लावलं, चेंडू छातीएवढा उंच गेला आणि समोरच्याने तो खाली ठोकला. अशा खेळाडूला ताकदीचं पॅडल दिलं तर चेंडू आणखी वर उडतो. तरी दुकानात पहिली मागणी ‘पॉवरवालं दाखवा’ हीच असते. या स्तरावर गुण ताकद कमी पडल्यामुळे जात नाहीत, किचनमध्ये चेंडू हळुवार टेकवता न आल्यामुळे जातात, असं माझं ठाम मत आहे. नवं पॅडल घ्यायचं तर या हळुवार खेळाला मदत करणारं घ्या.

वहीत ‘पोचलो नाही’ जास्त असेल तर पैसे बुटांवर खर्च करा.

3. वरून सगळी पॅडलं सारखीच दिसतात. आत नेमका काय फरक असतो?

1965 मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या बेनब्रिज बेटावर हा खेळ सुरू झाला तेव्हा पॅडलं लाकडी होती. 1984 मध्ये बोइंग कंपनीतले अभियंते आर्लेन परांटो यांनी विमानाच्या बांधणीत वापरतात तसल्या मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या पोकळ पत्र्यांपासून पॅडल बनवलं. आजची बहुतेक पॅडलं त्याच कल्पनेवर उभी आहेत. मध्ये पॉलिप्रोपिलीन प्लास्टिकच्या षटकोनी घरांचा गाभा, म्हणजे कोअर, आणि दोन्ही बाजूंना चिकटवलेला पातळ कडक पृष्ठभाग.

चेंडू लागला की ही घरं किंचित दबतात आणि परत उसळतात. किती दबतात हे कोअरच्या जाडीवर ठरतं (प्रश्न 4). चेंडूला किती पकड मिळते हे पृष्ठभागावर ठरतं (प्रश्न 5). बाकी सगळा खेळ वजनाचा आणि आकाराचा.

4. 14 मिमी घ्यावं की 16 मिमी?

प्रश्न 2 मधल्या वहीत ‘वर उडाला’ जास्त असेल तर 16. जाड कोअर चेंडूचा जोर जास्त पिऊन टाकतो, त्यामुळे ड्रॉप, डिंक (किचनच्या रेषेवरून समोरच्या किचनमध्ये टेकवलेला हळुवार फटका) आणि रीसेट (जोरात आलेला चेंडू मऊ करून किचनमध्ये टेकवणं) सोपे जातात. चेंडू मधोमध न लागता थोडा बाजूला लागला तरी पॅडल हातात कमी वळतं.

13 किंवा 14 मिमीचं पॅडल चेंडू लवकर सोडतं. ज्यांचे हात जाळ्याजवळ वेगवान आहेत आणि ज्यांना समोरच्याचा फटका तिथल्या तिथे परतवायला आवडतो, त्यांना ते भावतं. टेबल टेनिसमधून आलेले काही जण 14 वर खूश असतात, कारण चेंडू झटकन सुटण्याची त्यांना सवय असते. तरीही शंका असेल तर 16 घ्या. 16 मिमीच्या पॅडलने जोरात मारायला शिकता येतं. 14 ने हळुवार खेळायला शिकणं जास्त कष्टाचं आहे.

5. कार्बन फायबर, फायबरग्लास, ग्राफाइट यांपैकी काय चांगलं?

फायबरग्लास जास्त लवचिक असतं, त्यामुळे चेंडू उसळून निघतो. ताकद भरपूर, नियंत्रण कमी. ग्राफाइट कडक आणि हलकं. सध्या सगळ्यांच्या तोंडी असलेला प्रकार म्हणजे ‘रॉ कार्बन’. त्यात कापडाच्या विणीचा खडबडीतपणा तसाच ठेवतात, वरून रंग चढवत नाहीत. पॅडलवर ‘टी-700’ लिहिलेलं असतं ते कार्बनच्या धाग्याच्या प्रतीचं नाव. मध्यम स्तरावरच्या खेळाडूला मी रॉ कार्बनच सुचवतो, कारण आता कुठे तुम्ही टॉपस्पिन आणि स्लाइस हे फिरकीचे फटके शिकायला लागलेले असता आणि खरखरीत पृष्ठभाग त्या मेहनतीचं फळ लगेच दाखवतो.

हा खरखरीतपणा कायमचा नसतो. आठवड्यातून चार-पाच दिवस खेळणाऱ्याला काही महिन्यांत फरक जाणवतो. चेंडूचं प्लास्टिक विणीत जाऊन बसतं, ते कार्बन पॅडलसाठी मिळणाऱ्या रबरी खोडरबराने घासून काढा आणि मग ओल्या कापडाने पुसा. पॉलिश पेपर लावून पृष्ठभाग पुन्हा खरखरीत करायचा विचारही करू नका, ते नियमबाह्य आहे (प्रश्न 12).

6. वजन किती असावं?

साधारण 220 ते 235 ग्रॅम. परदेशी पॅडलांवर वजन औंसात असतं. एक औंस म्हणजे 28.35 ग्रॅम, म्हणून 7.8 औंस म्हणजे 221 ग्रॅम आणि 8.2 औंस म्हणजे साधारण 232. 210 च्या खालचं पॅडल हातात पिसासारखं वाटतं, पण जोरात आलेला चेंडू त्याला मागे ढकलतो आणि ती कसर मनगट भरून काढतं. 240 च्या वर गेलं की तिसऱ्या गेमला हात जड होतो.

छापलेल्या वजनावर विसंबू नका. एकाच मॉडेलच्या दोन पॅडलांत सात-आठ ग्रॅमचा फरक सहज निघतो. घरात पीठ मोजायचा डिजिटल काटा असतो, त्यावर ठेवून बघा. हलकं निघालं तर ते भाग्यच समजा, कारण वजन वाढवता येतं (प्रश्न 11), कमी करता येत नाही.

7. दोन पॅडलांचं वजन काट्यावर सारखं येतं, तरी एक जड का वाटतं?

कारण वजन कुठे आहे यालाही तितकंच महत्त्व आहे. हातोडी दांड्याच्या टोकाला धरून फिरवा आणि मग उलटी, डोक्याला धरून फिरवा. वस्तू तीच, पण हाताला लागणारा जोर वेगळा. पॅडलच्या बाबतीत हे मोजायच्या आकड्याला स्विंग वेट म्हणतात. 110 च्या आसपास किंवा खाली असेल तर पॅडल चपळ, 120 च्या वर असेल तर जड पण फटक्यात दम असलेलं. मध्यम स्तरावर, विशेषतः डबल्स खेळत असाल तर 110 ते 117 मध्ये राहा.

दुसरा आकडा ट्विस्ट वेट. चेंडू कडेला लागल्यावर पॅडल हातात किती फिरतं, हे तो सांगतो. 6 च्या खाली असेल तर पॅडल चुका माफ करत नाही, 6.5 च्या वर असेल तर बरंच सांभाळून घेतं. या आकड्याकडे फार कमी लोक पाहतात. मला तो स्विंग वेटइतकाच महत्त्वाचा वाटतो.

8. लांबट आकार घ्यावा की रुंद?

रुंद पॅडल साधारण 16 इंच लांब आणि 8 इंच रुंद असतं. लांबट असेल तर साडेसोळा बाय साडेसात. लांबटात आवाका आणि टोकाचा वेग जास्त मिळतो, पण त्याचा स्वीट स्पॉट, म्हणजे चेंडू सर्वांत छान लागतो तो भाग, अरुंद आणि वरच्या बाजूला असतो. हायब्रिड या दोघांच्या मधलं.

मी स्वतः दोन वर्षांपूर्वी एक लांबट, 14 मिमीचं, टोकाला जड पॅडल मागवलं होतं. बेसलाइनवरून, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेवरून, मारलेले ड्राइव्ह (जोराचे सपाट फटके) पाहून सोबतचे खेळाडू माना डोलवायचे. पण किचनच्या रेषेवर हात उशिरा यायला लागला आणि सहा आठवड्यांत कोपर दुखायला लागलं. तीन महिने खेळ बंद ठेवावा लागला. पॅडल वाईट नव्हतं, माझ्या खेळाला ते चुकीचं होतं. आता डबल्स खेळणाऱ्या प्रत्येकाला मी आधी रुंद किंवा हायब्रिड हातात घ्यायला सांगतो.

9. मी आधी बॅडमिंटन (किंवा टेबल टेनिस, टेनिस) खेळायचो. त्याने फरक पडतो का?

खूप पडतो. आपल्याकडे तर बरेच जण बॅडमिंटनमधूनच येतात. बॅडमिंटनचं डबल्स कोर्ट आणि पिकलबॉलचं कोर्ट मापाने एकच आहे, 20 बाय 44 फूट. त्यामुळे सोसायटीतल्या त्याच कोर्टावर जाळीपासून सात फुटांवर किचनची रेषा आखली आणि जाळी खाली घेतली की खेळ सुरू होतो.

बॅडमिंटनवाल्यांचं मनगट चपळ असतं, पण त्यांना 90 ग्रॅमच्या आतल्या रॅकेटची सवय असते. त्यांनी स्विंग वेट कमी असलेलं पॅडल घ्यावं आणि पहिले दोन महिने मनगटाऐवजी खांद्यातून फटका मारायचा सराव करावा. टेबल टेनिसवाले तर्जनी पॅडलच्या पाठीवर टेकवतात. त्यांना पाच इंचांपर्यंतचं आखूड हँडल सोयीचं, कारण हँडल आखूड असलं की पृष्ठभाग हाताच्या जवळ येतो. टेनिसवाले दोन हातांनी बॅकहँड मारत असतील तर हँडल निदान साडेपाच इंच हवं, नाहीतर दुसरा हात पृष्ठभागावर चढतो.

10. ग्रिपची जाडी कशी ठरवायची? घामाने पॅडल सटकतं त्याचं काय?

पॅडल नेहमीसारखं धरा. बोटांची टोकं आणि तळव्याचा फुगीर भाग यांच्यामध्ये दुसऱ्या हाताची तर्जनी अलगद बसली पाहिजे. बसत नसेल तर ग्रिप बारीक आहे, मोकळी हलत असेल तर जाड आहे. बहुतेक पॅडलांच्या ग्रिपचा घेर 4 ते साडेचार इंचांत असतो. मधे अडकलात तर बारीक घ्या. ओव्हरग्रिप, म्हणजे ग्रिपवर चढवायची पातळ पट्टी, गुंडाळून ती जाड करता येते, जाड ग्रिप बारीक करणं कठीण. लहान हात असलेल्या अनेक बायकांना दुकानदार साडेचार इंची पॅडल देतात आणि मग महिनाभराने त्या हात आखडल्याची तक्रार घेऊन येतात. ही तर्जनीची चाचणी दुकानातच करा.

घामाचं म्हणाल तर मुंबई, ठाणे आणि कोकण-गोव्याच्या दमट हवेत पॅडलपेक्षा ओव्हरग्रिप महत्त्वाची. चिकट प्रकारची ओव्हरग्रिप अर्ध्या तासात ओली होऊन गुळगुळीत होते. कोरड्या, सुती स्पर्शाची घ्या, ती ओली झाल्यावर उलट जास्त धरते. पावसाळ्यात आठवड्याला एक बदलायची तयारी ठेवा. एक ओव्हरग्रिप पाच-सहा ग्रॅमची असते, पण ते वजन हातातच असल्यामुळे स्विंग वेट जवळपास वाढत नाही.

11. लेड टेप लावल्याने खरंच फरक पडतो?

पडतो, आणि नवं पॅडल घेण्याआधी हा उपाय करून पाहाच. पॅडल घड्याळाच्या तबकडीसारखं समोर धरा. 3 आणि 9 च्या जागी कडेला प्रत्येकी दोन-तीन ग्रॅमची पट्टी लावली की पॅडल हातात फिरणं कमी होतं, रीसेट शांत पडतात. 12 च्या जागी लावली तर फटक्यात दम येतो, पण हात मंदावतो. हँडलच्या जरा वर, गळ्यापाशी लावली तर एकूण वजन वाढतं आणि चपळपणा फारसा जात नाही.

एका वेळी एकच बदल करा आणि त्यावर चार दिवस खेळा. टेप शिशाची असते, म्हणून हाताळल्यावर हात धुवा आणि लहान मुलांच्या हाती देऊ नका. टंगस्टनची टेपही मिळते, ती महाग असते पण ही काळजी नसते.

12. माझं पॅडल स्पर्धेत चालेल का?

मापाचा नियम सोपा आहे. लांबी आणि रुंदी मिळून 24 इंचांपेक्षा जास्त नको आणि लांबी 17 इंचांपेक्षा जास्त नको. वजनाला आणि जाडीला मर्यादा नाही. पृष्ठभागाच्या खडबडीतपणाला मर्यादा आहे, आणि पॅडल ट्रॅम्पोलिनसारखं चेंडू किती उसळवतं यालाही आता आहे. त्या चाचणीला पीबीकोर म्हणतात. ओव्हरग्रिप, लेड टेप, कडेची संरक्षक पट्टी चालते. पृष्ठभागावर काहीही केलेलं चालत नाही.

यूएसए पिकलबॉल या अमेरिकेतल्या संघटनेची मान्यताप्राप्त पॅडलांची यादी इंटरनेटवर आहे. त्यात मॉडेलचं पूर्ण नाव शोधा, नुसतं कंपनीचं नाही. ही यादी बदलत असते. मे 2024 मध्ये एका मोठ्या कंपनीची अगदी नवी मॉडेल्स यादीतून काढली गेली, कारण विक्रीला आलेली पॅडलं चाचणीला दिलेल्या नमुन्यांसारखी नव्हती. तेव्हा खरेदीच्या दिवशी पाहा आणि स्पर्धेच्या आठवड्यात पुन्हा पाहा.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे. सुनील वालावलकर यांनी हा खेळ भारतात आणला आणि 2008 मध्ये ऑल इंडिया पिकलबॉल असोसिएशन सुरू झाली. 2025 मध्ये केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने इंडियन पिकलबॉल असोसिएशनला राष्ट्रीय महासंघ म्हणून मान्यता दिली. स्पर्धा कोणाच्या छत्राखाली आहे आणि कोणती यादी लागू आहे, हे नाव नोंदवतानाच आयोजकांना विचारा.

13. थर्मोफॉर्म्ड आणि फोमचं पॅडल म्हणजे काय? महाग आहे म्हणजे चांगलं ना?

थर्मोफॉर्म्ड पॅडल उष्णता आणि दाब देऊन हँडलसकट अखंड घडवतात आणि कडेने फोम भरतात. त्याने पॅडल कडक, स्थिर आणि ताकदवान होतं. सुरुवातीच्या अशा काही पॅडलांत आतली घरं चिरडली जायची किंवा पृष्ठभाग गाभ्यापासून सुटायचा. असं पॅडल काही दिवस बंदुकीसारखं मारतं आणि मग बाद होतं. अलीकडे पोळ्याऐवजी सगळा गाभाच फोमचा असलेली पॅडलं आली आहेत. त्यांत चिरडायला घरंच नसल्याने ती तशी खराब होत नाहीत.

महाग म्हणजे तुमच्यासाठी चांगलं असं मुळीच नाही. वरच्या किमतीची बरीच पॅडलं व्यावसायिक खेळाडूंच्या मागणीवरून बनतात आणि त्यांची मागणी ताकदीची असते, कारण हळुवारपणा त्यांच्या हातात आधीच आहे. मधल्या किमतीचं 16 मिमी रॉ कार्बन पॅडल तुम्हाला ड्यूपर 4 पर्यंत आरामात नेईल. मात्र नामांकित पॅडल निम्म्या किमतीत ऑनलाइन दिसलं तर ते नकली असण्याची शक्यता दाट. अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या, नाहीतर वॉरंटीही मिळत नाही.

14. विकत घेण्याआधी पॅडलची परीक्षा कशी घ्यावी?

दुकानात हवेत फिरवून काहीही कळत नाही. कोर्टावरच्या मंडळींकडे वेगवेगळी पॅडलं असतात, दोन गेमपुरती मागा. क्वचितच कोणी नाही म्हणतं.

मग असं करा. तीन पॅडलं गोळा करा आणि कंपनीच्या नावावर कागदी टेप लावा. नाव दिसलं की मन आधीच निकाल देऊन बसतं, हे मी फार वेळा पाहिलं आहे. तुम्ही किचनच्या रेषेवर उभे राहा. सोबतीला बेसलाइनवरून तुमच्या अंगावर वीस जोराचे ड्राइव्ह मारायला सांगा आणि त्यांतले किती तुम्ही समोरच्या किचनमध्ये टेकवले, ते मोजा. मग बेसलाइनवरून स्वतः वीस ड्रॉप मारा, तेही मोजा. शेवटी दहा ड्राइव्ह. प्रत्येक पॅडलला तोच क्रम, तेच चेंडू. दुसऱ्या दिवशी पॅडलांचा क्रम उलटा करून पुन्हा, कारण पहिल्या पॅडलला ताजा हात मिळतो आणि तिसऱ्याला दमलेला.

आमच्या कोर्टावरच्या एका काकांनी ही परीक्षा घेतली. वीसपैकी रीसेट आले 7, 8 आणि 13. तेरावालं पॅडल त्यांनी आधी ‘बुळबुळीत, दम नाही’ म्हणून बाजूला ठेवलं होतं. टेप काढल्यावर आकड्यांकडे बराच वेळ बघत राहिले आणि तेच घेतलं.

15. कोपर दुखतंय. कोणतं पॅडल घेऊ?

दुखणं दोन आठवड्यांहून जास्त असेल तर आधी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा. पॅडलने दुखणं बरं होत नाही. त्यानंतर 16 मिमी, स्विंग वेट कमी, आणि प्रश्न 10 मधल्या चाचणीला उतरणारी ग्रिप. बारीक ग्रिप असली की मूठ नकळत जास्त आवळली जाते. ‘दुखतंय म्हणून सगळ्यात हलकं देतो’ असं कोणी म्हणालं तर थांबा. फार हलकं पॅडल चेंडूचा धक्का स्वतः झेलत नाही, हाताकडे पाठवतं.

16. पॅडल ‘मेलं’ आहे हे कसं ओळखायचं?

शांत खोलीत पॅडल कानाजवळ धरा आणि बोटाच्या पेराने पृष्ठभागावर दर दोन इंचांवर टकटक करत जा. सगळीकडे सारखा ‘टक्’ आला पाहिजे. एखाद्या जागी ‘धप’ किंवा चिरका आवाज आला, तर तिथला गाभा दबला आहे किंवा पृष्ठभाग सुटला आहे. हलवल्यावर हँडलमध्ये खुळखुळ वाजलं तर बहुधा गोंदाचा सुटलेला कण असतो, त्याने खेळ बिघडत नाही. अचानक चेंडू जास्त जोरात जायला लागला तर खूश होऊ नका. ते बिघडत चाललेल्या पॅडलचं लक्षण असू शकतं आणि स्पर्धेत ते बाद ठरेल.

पॅडल उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये डिकीत इतकी उष्णता साठते की गोंद नरम पडू शकतो.

17. सिंगल्स आणि डबल्स दोन्ही खेळतो. दोन पॅडलं घेऊ का?

नको, निदान आत्ता नको. हाताला एका पॅडलची सवय व्हायला तीन-चार आठवडे लागतात. दोन पॅडलांत अदलाबदल करत राहिलात तर ड्रॉपचा अंदाज पक्का होत नाही. सिंगल्स जास्त खेळत असाल तर एकच हायब्रिड घ्या. प्रश्न 8 मधला लांबट आकार फक्त त्यांनी घ्यावा ज्यांचा तीन चतुर्थांश खेळ सिंगल्सचा आहे.

18. आवडतं पॅडल झिजलं म्हणून तेच मॉडेल पुन्हा घेतलं, पण वेगळंच लागतंय. मला नकली मिळालं का?

बहुधा नाही. जुन्या पॅडलचा गाभा खेळून खेळून थोडा मोकळा झालेला असतो आणि पृष्ठभाग गुळगुळीत. नवं कडक आणि खरखरीत असतं, म्हणून सुरुवातीला चेंडू जास्त फिरतो आणि डिंक जाळ्यात जातात. दोन्ही पॅडलं काट्यावर ठेवा. नवं सहा ग्रॅम हलकं निघालं तर तेवढी टेप 3 आणि 9 वर लावा. जुन्यावर किती ओव्हरग्रिप होत्या ते मोजा आणि नव्यावर तितक्याच लावा. हे अनेक जण विसरतात आणि ‘हातात बसत नाही’ म्हणतात. कंपनी त्याच नावाखाली बांधणीही बदलते, म्हणून डब्यावरचं आवृत्तीचं नाव जुन्याशी ताडून पाहा. इतकं करून दोन आठवडे फक्त नव्यानेच खेळा, जुनं घरी ठेवा. त्यानंतरही रीसेटचा आकडा जुन्याच्या खाली असेल तर प्रश्न 14 मधली परीक्षा पुन्हा घ्या. दोन वर्षांत तुमचा हात बदलला असेल आणि तेव्हा नको वाटलेलं एखादं पॅडल आता बसेल.